टिपणाचा ठावठिकाणा

श्रौतसूत्रकार आश्वलायनाने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एक परिभाषा सांगून ठेवली आहे. सूत्रात ऋचेचा पूर्ण पाद उच्चारला असेल तर ती एक ऋचा समजावी. सूक्ताच्या प्रारंभीचा पादाहून कमी अंश उच्चारला असेल तर ते सबंध सूक्त घ्यावे. आणि पादाहून अधिक उच्चारला असेल तर तेथपासूनच्या तीन ऋचा, म्हणजे तृच, घ्यावा. यज्ञकर्माच्या तपशिलाने गच्च भरलेल्या ग्रंथात ही तीन अल्पाक्षरी सूत्रे सहज दृष्टीआड होण्यासारखी आहेत. तथापि एका ठिकाणच्या मजकुराने दुसऱ्या ठिकाणच्या मजकुराकडे बोट कसे दाखवावे, आणि दाखविलेली वस्तू कोठे सुरू होऊन कोठे संपते ह्याविषयी संदेह कसा उरू देऊ नये, ह्याचा इतका काटेकोर विचार इतक्या प्राचीन काळी झालेला पाहून, ज्याने आयुष्यात कधी टिपणे काढून ती एकमेकांशी जोडण्याचा खटाटोप केला आहे त्याच्या मनात आदर उत्पन्न झाल्यावाचून राहणार नाही.

आरंभीच्या शब्दांच्या ह्या खुणेला प्रतीक म्हणतात. प्रतीक कधी पुरते आणि कधी पुरत नाही ह्याचाही दंडक सूत्रवाङ्मयात दिसतो. मंत्र आपल्याच शाखेच्या संहितेतला असेल तर त्याचे प्रतीक देऊन भागते. परशाखेतला असेल तर तो सबंध देण्याचा सामान्य प्रघात आहे. ह्याचे कारण उघड आहे. स्वशाखेची संहिता शिष्याला मुखोद्गत असते, म्हणून दोन शब्द कानावर पडताच उरलेले त्याच्या मनात उभे राहते. परशाखेचा मंत्र त्याच्यापाशी नाही, तेव्हा त्याचे नुसते नाव सांगणे म्हणजे त्याला रिकाम्या हाताने परत पाठविणे होय. संगणकावर आपल्या अभ्यासाची टिपणे ठेवून ती परस्परांना जोडू पाहणाऱ्या आजच्या अभ्यासकाला जो प्रश्न पडतो, त्याचे मर्म येथे पुरतेपणी आलेले आहे. खूण म्हणजे ज्ञान नव्हे. खुणेच्या पलीकडे वस्तू आहे, ती तेथेच राहणार आहे आणि ती वाचणाऱ्याच्या आटोक्यातली आहे, एवढ्याची हमी असेल तरच खुणेला किंमत. ही हमी निरनिराळ्या काळी कोणी व कशी दिली, ह्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

वैदिकांची हमी माणसाच्या स्मरणात होती, आणि स्मरण जेथे ढिले पडेल तेथे आधार म्हणून त्यांनी अनुक्रमण्या रचल्या. कात्यायनाच्या नावावर असलेल्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे आद्य पद, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद ही क्रमाने नोंदलेली आहेत. संख्येची नोंद येथे विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कारण सूक्तात एक ऋचा कमी झाली किंवा एक घुसली तर ती ह्या नोंदीवरून तत्काळ उघडकीस येते. पुढे परंपरेबाहेरच्या, मुखोद्गत संहिता नसलेल्या वाचकासाठी अमेरिकेतील पंडित मॉरिस ब्लूमफिल्ड ह्यांनी मुद्रित वैदिक वाङ्मयातील मंत्रांच्या चरणांची वर्णानुक्रमे सूची तयार करून ती १९०६ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केली, तेव्हा जे काम शिष्याच्या कंठाने करावयाचे ते एका जाडजूड ग्रंथाच्या पानांवर येऊन पडले. इतकी शतके लोटूनही प्रतीकाचे मूल्य कमी झाले नाही, फक्त त्याची हमी घेणारा बदलला.

कागदाच्या राज्यात मात्र आरंभीच्या शब्दांवर विसंबून चालण्यासारखे नव्हते, कारण दप्तरातील हजारो कागद एकाच मायन्याने सुरू होतात. मराठेशाहीच्या कारकुनांनी ह्यावर जो उपाय योजला त्याचे वर्णन थोडे विस्ताराने केले पाहिजे. आपल्याकडे टिपणे जोडण्याची जी सर्वांत पक्की शिस्त होऊन गेली, ती माझ्या मते विद्वानांच्या बैठकीत नव्हे तर ह्या कारकुनांच्या फडात जन्मास आली.

त्या शिस्तीचे मूळ कीर्द आणि खतावणी ह्यांच्या जोडीत आहे. रोजकीर्दीत त्या त्या दिवशीचा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने लिहावयाचा: आज्ञा, जमा, खर्च, देणगी, नेमणूक, सर्व एकापाठोपाठ एक, विषयाचा विचार न करता, केवळ मितीच्या अनुरोधाने. मग तीच कलमे खतावणीत आपापल्या खात्याखाली उचलून मांडावयाची. पेशवे दप्तराच्या कीर्दीत मिती लिहिताना चांद्र महिन्याची तारीख आणि सुहूर सन वापरण्याचा परिपाठ होता, आणि ही मिती हाच त्या कलमाचा कायमचा पत्ता ठरे. एखादे कलम पागेच्या खाती पडेल की पथकाच्या, ह्याविषयी पुढे मतभेद होऊ शकतो, खाती मोडून नवी घालता येतात. परंतु ज्या दिवशी ते लिहिले गेले तो दिवस बदलत नाही. विषयाचे वर्गीकरण हे माणसाचे मत असते आणि मिती ही घडलेली गोष्ट असते, म्हणून खुणेचा पाया मितीवर घालून विषयाची सोय खतावणीवर सोपविणारा हा विवेक मला अत्यंत थोर वाटतो. आमच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी हाच विवेक आपल्या चोपड्यांत शेकडो वर्षे सांभाळला, आणि मराठी माध्यमाच्या वाणिज्य शाखेचा विद्यार्थी रोजकीर्द लिहिताना प्रत्येक नोंदीसमोर आजही ‘खा. पा.’ म्हणजे खातेपान असा रकाना आखतो, तो ह्याच कुळातला. कीर्दीने खात्याचे पान सांगावे आणि खात्याने कीर्दीचे. एका बाजूने गेलेला माणूस दुसऱ्या बाजूने परत येऊ शकला पाहिजे.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. शिवकालापासूनच्या सरकारी पत्रांच्या शेवटी ‘रुजू’, ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ अशी जी शेरेवजा अक्षरे आढळतात, ती कागद ताडून पाहिल्याची आणि त्याची दप्तरी नोंद झाल्याची साक्ष होत. आणि आलेल्या पत्रावर ते पोहोचल्याची मिती पैवस्ती म्हणून टिपली जाई. म्हणजे नोंद करणारा एक, ती मुळाशी ताडून पाहणारा दुसरा, आणि दोघांच्या कामाची खूण त्या कागदाच्याच अंगावर. पुणे दरबारी हुजूर दप्तराचे जे भाग होते, त्यांपैकी एकबेरीज दप्तर पुण्यासच राहत असे, आणि तेथे राज्यातील हिशेबांवरून तर्जुमे, ताळेबंद व खतावण्या तयार होत. नाना फडणविसांच्या देखरेखीखाली हे दप्तर ज्या नेटकेपणास पोहोचले होते त्याची कीर्ती पुढे इंग्रज अंमलदारांनीही गाइली आहे, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत त्याची जी हेळसांड झाली तीही त्यांनीच नमूद करून ठेविली आहे.

ह्या शिस्तीची खरी परीक्षा राज्य गेल्यावर झाली. इनामांच्या चौकशीसाठी इंग्रजांनी नेमलेल्या इनाम कमिशनला १८५२ च्या ११ व्या ॲक्टाने कायद्याचे बळ मिळाले, आणि गावोगावच्या इनामदारांना आपापल्या सनदा घेऊन अंमलदारांपुढे उभे राहावे लागले. हातातली सनद एकीकडे आणि पेशव्यांच्या दप्तरातील नोंद दुसरीकडे, ह्या दोहोंचा मेळ बसतो की नाही ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जमीन राहणार किंवा जाणार होती. कमिशनच्या हेतूविषयी आपल्या लोकांत जो रोष होता तो अकारण नव्हता, आणि त्याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. येथे पाहावयाचे ते इतकेच की, शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने दिव्याच्या उजेडात खतावणीत उचललेले एक कलम एका कुटुंबाच्या निर्वाहाचा आधार ठरत होते. दोन कागदांमधील दुवा विश्वसनीय असणे ही पंडितांच्या हौसेची बाब नव्हे, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगावे?

पुढे ह्या दप्तरासाठी पुण्यात दगडी इमारत उभी राहिली, ती १८९१ साली पूर्ण झाली, आणि कागद रुमालांत बांधून मांडण्यांवर चढले. रोजकीर्द, घडणी, पागा, पथके, प्रांत अजमास, चिटणिशी, जमाव अशी त्यांची खाती लागली. रुमाल ही कागद राखण्याची उत्तम पद्धत खरी, परंतु पत्त्याच्या दृष्टीने तिच्यात एक मोठे उणे आहे. रुमालातला सुटा कागद ओळखला जातो तो आपण कोणत्या रुमालात आहोत ह्यावरून. अभ्यासकाने तो बाहेर काढून चुकून शेजारच्या रुमालात बांधला की तो नष्ट झाल्यासारखाच. तो फाटत नाही, जळत नाही, केवळ सापडत नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी ह्या अफाट संग्रहातून निवडक कागदांचे ४५ भाग १९३४ पर्यंत छापून काढले, त्याचे जे अनेक उपकार आहेत त्यांत हा एक फारसा बोलून न दाखविला जाणारा उपकार आहे की, जागेवर अवलंबून असलेल्या कागदाला त्यांनी जागेपासून स्वतंत्र असा क्रमांक मिळवून दिला.

ह्या कामी त्यांच्याही आधी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. राजवाड्यांची प्रस्तावना, त्यांचा आवेश, त्यांची मते ह्यांवर आजवर विपुल लिहिले गेले आहे. मला येथे त्यांच्या खंडांतील प्रत्येक पत्राच्या डोक्यावर असलेल्या ‘लेखांक’ ह्या साध्या ओळीविषयी बोलावयाचे आहे. ही ओळ आली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या चर्चेचे स्वरूपच पालटले. खंड अमुक, लेखांक अमुक, एवढे लिहिले की नागपूरचा अभ्यासक आणि धुळ्याचा अभ्यासक एकाच पत्राविषयी बोलत आहेत ह्याविषयी शंका उरत नाही. मूळ कागद कोणाच्या माडीवर आहे, त्या घराण्याने तो पुढे कोणास दिला, ह्यावर वादाचा निकाल अडून राहत नाही. आमच्या संशोधनात जी काही वादविवादाची शिस्त आली तिचे निम्मे श्रेय मी ह्या लेखांकास देतो. तथापि त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लेखांक पडतो तो छापील प्रतीवर, मूळ कागदावर नव्हे. ज्या क्षणी वाचनाविषयी संशय येतो आणि मोडी अक्षर पुन्हा डोळ्यांखाली घालावेसे वाटते, त्या क्षणी छापील क्रमांक हातात असूनही कागद हाताशी नसतो. संपादकाने तोच क्रमांक मूळ कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने घालण्याची तजवीज सर्वत्र केली असती, तर पुढच्या पिढीचे केवढे श्रम वाचते!

आता दप्तरी कागदाकडून अभ्यासकाच्या चिठ्ठीकडे वळू. सुट्या चिठ्ठीवर टिपण काढण्याची चाल युरोपात सोळाव्या शतकापासून दिसते. झुरिकचा कोनराड गेस्नर हा १५४५ साली ग्रंथांची विश्वसूची छापणारा पंडित. त्याने १५४८ च्या आपल्या ग्रंथात कागदावर उतारे लिहून, त्यांच्या पट्ट्या कापून, त्या हव्या त्या क्रमाने लावण्याची रीत सांगितली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९१ साली जप्त झालेल्या ग्रंथसंग्रहांची यादी करावयाची होती, तेव्हा पाठकोऱ्या पत्त्यांवर, म्हणजे खेळावयाच्या पत्त्यांच्या मागील बाजूवर, एकेक ग्रंथ टिपण्याचा हुकूम निघाला. चिठ्ठी हलविता येते हा तिचा गुण आणि ती हलते हाच तिचा दोष. ऑक्सफर्डच्या महान इंग्रजी कोशासाठी जेम्स मरे ह्यांच्यापाशी लक्षावधी चिठ्ठ्या जमल्या होत्या. तरी ‘बाँडमेड’ ह्या एका शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द कोशाच्या पहिल्या आवृत्तीतून सुटला. चिठ्ठ्यांची मोजदाद करणारी सर्वानुक्रमणी तेथे नव्हती.

पुण्यात ह्याच जातीचे काम १९४८ साली डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनी आरंभिले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतच्या सुमारे १,५०० संस्कृत ग्रंथांतून शब्द उचलून, प्रत्येक शब्दाचे प्रत्येक उपयोगस्थळ वेगळ्या चिठ्ठीवर नोंदून, त्यांवरून ऐतिहासिक तत्त्वावर कोश रचावयाचा, ही ती योजना. चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली; पहिला खंड १९७६ साली डॉ. अमृत माधव घाटगे ह्यांच्या संपादकत्वाखाली निघाला. आणि इतके खंड होऊनही कोश अद्याप ‘अ’ ह्या पहिल्या अक्षराच्या परिसरात आहे. ह्या दीर्घ काळात चिठ्ठ्या लिहिणारे निवृत्त झाले, दिवंगत झाले, त्यांच्या जागी त्यांचे शिष्य व प्रशिष्य आले. म्हणजे आज एखादी चिठ्ठी हाती घेणाऱ्या संपादकाला ती लिहिणाऱ्यास काही विचारता येत नाही. चिठ्ठीने स्वतःच सांगितले पाहिजे की मी कोणत्या ग्रंथातून आले, कोणत्या स्थळावरून आले. आणि ग्रंथ कोणता एवढे सांगून पुरत नाही, आवृत्तीही सांगावी लागते.

आवृत्तीचा हा मुद्दा किती जिव्हाळ्याचा आहे ह्याचे उदाहरण त्याच शहरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात मिळते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी त्यास शास्त्रीय बैठक दिली, आणि १९६६ साली ते पुरे झाले. नानाविध लिप्यांतील हस्तलिखितांना त्यांनी लिपीवरून संकेताक्षरे व त्यांपुढे अंक दिले, शारदेला एक, नेवारीला एक, ग्रंथ व मल्याळम ह्यांना वेगळी, आणि तळटीपेतील एका लहानशा खुणेवरून शेकडो कोसांवरच्या पोथीतील पाठ वाचकासमोर उभा केला. ही खुणांची व्यवस्था निर्दोष म्हणावी इतकी पक्की आहे. परंतु प्रक्षिप्त अध्याय व श्लोक वगळल्यामुळे संहितेचे अनुक्रमांक साहजिकच बदलले. प्रचलित मुंबई प्रतीत भगवद्गीता भीष्मपर्वाच्या २५ ते ४२ ह्या अध्यायांत येते, चिकित्सक आवृत्तीत ती २३ ते ४० ह्या अध्यायांत येते. त्यापूर्वी जगभर ज्यांनी ज्यांनी गीतेसाठी भीष्मपर्वाचा अध्याय व श्लोक दाखवून टिपणे केली होती, त्यांचे संदर्भ नव्या प्रतीत एका रात्रीत दोन दोन घरे सरकले. ह्यात संपादकांचा काही दोष नाही. शुद्ध संहिता देणे हे त्यांचे कर्तव्यच होते. दोष त्या टिपणाचा, ज्याने आवृत्ती न सांगता आकडा सांगितला. क्रमावरून पडलेला आकडा हा क्रम पालटताच पालटणार, ही गोष्ट टिपण करणाऱ्याने गृहीतच धरली पाहिजे.

एकट्या माणसाने आपल्या खाजगी अभ्यासासाठी ही अडचण ज्या रीतीने सोडविली त्यांत जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान ह्यांचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे, आणि हे गृहस्थ कायद्याचे शिक्षण घेऊन आरंभी सरकारी नोकरीत होते हे कळल्यावर दप्तराची शिस्त त्यांच्या अंगी कोठून आली ह्याचा उलगडा होतो. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी चिठ्ठ्या लिहिण्यास आरंभ केला आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमविल्या. कागद साधे, पातळ, पुष्कळदा पाठकोरे. विषयवार कप्पे करून त्यांत चिठ्ठ्या टाकण्याचा जो सर्वसाधारण मार्ग तो त्यांनी टाकला आणि प्रत्येक चिठ्ठीला जन्मतःच एक क्रमांक व त्या क्रमांकाबरोबर एक कायमची जागा दिली. ५७/१२ ह्या चिठ्ठीतील विचार पुढे चालला तर ती ५७/१३. परंतु ५७/१२ मधल्या एखाद्या शब्दावरून निराळी शाखा फुटली, तर ती ५७/१२अ होऊन त्या दोहोंच्या मध्ये बसणार, आणि तिलाही फाटे फुटले तर ५७/१२अ१, ५७/१२अ२. अंक आणि अक्षरे आलटून पालटून घेतल्यामुळे कोठल्याही दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये हव्या तितक्या चिठ्ठ्या घालण्यास वाव राहिला, आणि तरीही आधीच्या एकाही चिठ्ठीचा क्रमांक बदलण्याचा प्रसंग आला नाही. सरळ एक, दोन, तीन अशा आकड्यांत ही सोय नसते. मध्ये काही घालावयाचे म्हटले की पुढचे सारे खोडावे लागते.

क्रमांक अढळ झाल्यामुळे एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक निर्धास्तपणे लिहिता आला. त्यांची विषयसूची त्यांच्या दोन संग्रहांपैकी दुसऱ्या, मोठ्या संग्रहासाठीसुद्धा सुमारे ३,२०० नोंदींचीच होती आणि एकेका विषयाखाली चिठ्ठ्यांचे अवघे दोन-चार क्रमांक असत. कारण सूचीचे काम प्रवेशद्वार दाखविण्याचे, पुढची वाट चिठ्ठ्यांनी एकमेकींकडे बोट दाखवून काढावयाची. ह्या संग्रहाशी आपला व्यवहार कसा चालतो ह्यावर त्यांनी १९८१ साली एक निबंध लिहिला, त्यात त्यांनी सांगितले आहे की जी चिठ्ठी जाळ्याशी जोडली गेली नाही ती संग्रहात हरवते. १९९८ साली ते वारले. बीलेफेल्ड विद्यापीठाने २०११ साली हा संग्रह आपल्या ताब्यात घेतला, आणि दुसऱ्याच पिढीतील अभ्यासक चिठ्ठीवरचा क्रमांक वाचून त्यांच्या विचाराचा माग काढीत आज त्या संग्रहातून फिरू शकतात. ह्याच्या शेजारी आपल्या त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे स्मरण होऊन मन विषण्ण होते. १९६३ साली ते निवर्तले आणि पुढल्या वर्षी ‘श्रीशिवछत्रपती’ हा ग्रंथ निघाला, तो संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधने एवढ्याचा. आराखडा आहे, साधने आहेत, परंतु ह्या साधनावरून हा निष्कर्ष ते कसा काढणार होते, हे सांगणारा धागा त्यांच्याबरोबर गेला. शेजवलकरांच्या तोडीच्या बुद्धीचा तो धागा हरपणे ही महाराष्ट्राची हानी होय.

संगणक आल्यावर ह्या सर्व कष्टांतून सुटका झाली असा समज पसरला. वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी मार्च १९९५ मध्ये ‘विकी’ ह्या प्रकारचे पहिले स्थळ सुरू केले, त्यात पानाचे नाव हाच पानाचा पत्ता होता: नाव लिहिले की दुवा पडला. ही सोय इतकी मनोहर होती की पुढे ऑब्सिडियनसारख्या खाजगी टिपणांच्या साधनांनीही टिपणाचे शीर्षक दुहेरी कंसात लिहून दुवा जोडण्याची रीत चालू ठेवली. परंतु शीर्षक हे लिहिणाऱ्याचे त्या दिवशीचे मत असते. अभ्यास वाढतो, मत बदलते, शीर्षक बदलावेसे वाटते. साधनातच बदल केला तर ते दुवे दुरुस्त करून देते, परंतु धारिका बाहेरून हलविली, दुसऱ्या साधनात नेली, किंवा एकाच नावाची दोन टिपणे झाली, की दुवा तुटतो किंवा, त्याहूनही वाईट, भलत्याच टिपणाकडे नेतो. विश्वजालाचे जनक टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९८ साली पत्ते बदलू नयेत असे कळकळीने सांगताना पत्त्यात विषय किंवा वर्ग घालू नका, निर्मितीची तारीख घातली तर ती टिकते, असा सल्ला दिला. पेशव्यांच्या रोजकीर्दीचा न्याय तोच होता.

मराठीत टिपणे ठेवणाऱ्यास शीर्षकाचा धोका अधिकच. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे लेखन आणि नंतरचे लेखन ह्यांत ऱ्हस्वदीर्घ व अनुस्वार निराळे, ‘राजवाडे वि. का.’ आणि ‘वि. का. राजवाडे’ यंत्राच्या लेखी दोन माणसे. डोळ्यांना मुळीच न दिसणारा भेद तर ह्याहून घातक आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येते आणि ‘अ’ ला वेगळा चंद्र जोडूनही लिहिता येते. ‘वाऱ्यावर’ ह्या शब्दातील अर्धा र दोन तऱ्हांच्या संकेतांनी टंकित होतो. कागदावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी, परंतु एका कळफलकावर टंकिलेले शीर्षक दुसऱ्या कळफलकावरून टंकून जोडू गेले की यंत्र म्हणते, असे टिपणच नाही. म्हणून मराठी अभ्यासकाने टिपणाच्या नावाआधी त्याच्या जन्माची मिती व वेळ आकड्यांत घालावी, तो आकडा पुन्हा कधीही बदलू नये, दुवा त्या आकड्याला जोडावा, आणि शीर्षकाला हवे तसे बदलण्याची मोकळीक द्यावी. दुव्याजवळ तो का जोडला हे एका वाक्यात लिहावे, ज्या ग्रंथाचे टिपण असेल त्याची आवृत्ती लिहावी, आणि वर्षाकाठी एकदा सर्व दुव्यांची रुजुवात घ्यावी. ह्यांपैकी पहिले काम यंत्र करून देईल. शेवटचे काम फडातल्या कारकुनाने केले तसे माणसालाच करावे लागेल.

एक विनंती करून थांबतो. पुष्कळ मराठी घरांत एखाद्या दिवंगत अभ्यासकाच्या चिठ्ठ्या, वह्या व कागदांचे गठ्ठे आज पडून आहेत, आणि वारसांच्या मनात त्यांविषयी आदरच असतो. त्या आदराच्या भरात कोणी ते कागद विषयवार लावावयास बसू नये. लिहिणाऱ्याने कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी ठेवला होता हाच बहुधा त्यांच्यातील एकमेव शिल्लक दुवा असतो, आणि एका दुपारच्या आवराआवरीत तो कायमचा नाहीसा होतो. प्रथम गठ्ठा जसा आहे तसाच ठेवून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने ओळीने क्रमांक घालावा, त्या क्रमांकांची एक यादी वेगळी करावी, आणि मगच तो संग्रह जवळच्या संशोधन संस्थेच्या स्वाधीन करावा.